टेलचा रेझिस्टर

मराठवाड्यात माणूस छताकडे बघतो तो पंख्यासाठी. पंखा फिरतोय, पंखा थांबला, पंखा नुसताच कुरकुरतोय, या तीन अवस्थांपलीकडे छतावर बघण्यासारखं काही असेल असं एप्रिल-मे महिन्यात लातूरला किंवा नांदेडला कुणाच्या मनातही येत नाही. त्यामुळे इथल्या क्लासेसच्या, दवाखान्यांच्या, लॉजच्या आणि मंगल कार्यालयांच्या छतांना पंख्याशेजारी एक पांढरी, वाटीएवढी वस्तू कधी उगवली हे बहुतेकांना कळलेलंच नाही. ज्यांना कळलं आहे त्यांच्यात तीन पंथ आहेत. पहिल्या पंथाच्या मते तो स्पीकर आहे. दुसऱ्याच्या मते कॅमेरा. लातूरच्या ट्युशन एरियात नीटची तयारी करणारी मुलं बहुधा या पंथाची असतात आणि मागच्या बाकावर डुलकी घेण्याआधी त्या वाटीची नजर चुकवतात. तिसरा पंथ इमारतीच्या मालकाचा. ‘ते काय आहे हो?’ असं विचारलं तर तो सांगतो, ‘ते एनओसीचं आहे.’ तिन्हींमध्ये मालकच सत्याच्या सर्वांत जवळ आहे असं म्हणावं लागतं, कारण पुष्कळ ठिकाणी त्या वाटीवर कारखान्यातून आलेलं रंगीत प्लास्टिकचं टोपण अजून तसंच असतं. रंगकाम चालू असताना धूळ आणि चुना आत जाऊ नये म्हणून ते टोपण घालतात आणि रंगारी गेला की काढतात, निदान काढावं अशी अपेक्षा असते. टोपण असेतो तो स्मोक डिटेक्टर म्हणजे नाकात कापसाचे बोळे घातलेला पहारेकरी. आणि नाकात बोळे कुणाच्या घालतात हे सांगायला नको.

यावर ‘आपल्याकडे कुणाला कशाचं सोयरसुतकच नाही’ असं म्हणून मोकळं होता येईल. तसं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण मालक बेफिकीर, वायरमन अडाणी आणि अधिकारी डोळेझाक करणारा, हे त्रिकूट रस्त्याच्या खड्ड्यापासून पुलाच्या भेगेपर्यंत कुठल्याही विषयाला लावता येतं, म्हणूनच ते कुठल्याच विषयाचं उत्तर नसतं. माझं म्हणणं जरा बारीक आहे, अगदी शब्दशः बारीक. गव्हाच्या दाण्याहून किंचित मोठा, अंगावर पिवळा, जांभळा आणि लाल पट्टा असलेला, रुपया-दोन रुपयांत मिळणारा एक रेझिस्टर असतो. तो जिथे असायला हवा तिथे नसतो आणि जिथे नसायला हवा तिथे आरामात बसलेला असतो. इमारतीतल्या आगीच्या गजराची अख्खी कुंडली त्या एका रेझिस्टरच्या स्थानावरून मांडता येते. मंगळ कितव्या घरात आहे हे बघून सोयरीक ठरवणाऱ्या समाजाला हे पटायला जड जाऊ नये.

आधी त्या वाटीच्या पोटात काय आहे ते बघू. आजकाल बसतात ते बहुतेक डिटेक्टर प्रकाशावर चालणारे. आत काळ्या पडद्यांचा एक छोटा चक्रव्यूह असतो. त्यात एका बाजूला इन्फ्रारेड दिवा आणि त्याच्या थेट समोर नव्हे तर तिरक्या कोनात प्रकाश टिपणारा डोळा. हवा स्वच्छ असेल तर दिव्याचा प्रकाश सरळ निघून जातो आणि डोळ्याला अंधारच दिसतो. धुराचे कण आत शिरले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि डोळा चमकतो. वाड्याच्या कवाडाच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ नाचताना दिसते, तेच हे तत्त्व. याआधीच्या पिढीतल्या डिटेक्टरांत किरणोत्सर्गी अमेरिशियमचा कण असे. त्या घराण्याचा मूळपुरुष मात्र चुकून जन्माला आला. वॉल्टर येगर हा स्विस शास्त्रज्ञ १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होता. वायूला यंत्र काही केल्या दाद देईना. वैतागून त्यानं सिगारेट पेटवली आणि काटा हलला. सिगारेटनं माणसाचं भलं केल्याची जी थोडीथोडकी उदाहरणं असतील त्यांत हे वरच्या क्रमांकाचं. पुढे लॉजच्या खोल्यांतून या यंत्रानं सिगारेटवाल्यांचा जो छळ मांडला, त्याला कृतघ्नपणाच म्हटलं पाहिजे.

पण डिटेक्टर हा या गोष्टीचा नायक नव्हे. नायक आहे ती वायर. साध्या, म्हणजे ज्याला धंद्यात ‘कन्व्हेन्शनल’ म्हणतात त्या पद्धतीत गजराच्या पॅनेलमधून दोन तारा निघतात आणि पहिल्या डिटेक्टरच्या बेसवरून दुसऱ्याच्या, दुसऱ्यावरून तिसऱ्याच्या, अशा पंढरीच्या दिंडीसारख्या एकामागून एक जातात. एका दिंडीला झोन म्हणायचं, एका झोनवर साधारण वीसेक वारकरी. आता अडचण अशी की पंख्याची वायर तुटली तर पंखा थांबतो आणि घरातलं लहान मूलही ओरडतं. बोअरच्या मोटारीची वायर जळली तर शेतकऱ्याला दहा मिनिटांत कळतं, कारण पिकाआधी त्याचा जीव सुकतो. डिटेक्टरच्या वायरचं तसं नाही. ती वर्षानुवर्षं काहीच करत नाही. धड असली तरी गप्प आणि तुटली तरी गप्प. धडधाकट गप्प आणि मेलेली गप्प यांत फरक कसा ओळखायचा, हा प्रश्न ज्या कुणी सोडवला त्यानं फार सुंदर सोडवला आहे. शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये दोन तारांच्या मध्ये त्यानं एक रेझिस्टर टाकला. पॅनेल २४ व्होल्ट देतं, रेझिस्टर समजा ४.७ किलोओहमचा आहे (कंपनीगणिक आकडा बदलतो), तर त्या झोनमधून रात्रंदिवस सुमारे ५ मिलिॲम्पियरची एक चिमुकली धार वाहत राहते. धार वाहतेय म्हणजे शेवटपर्यंत वायर धड आहे. धार एकदम वाढली म्हणजे कुणीतरी डिटेक्टर धूर-धूर म्हणून ओरडतोय. धार शून्यावर आली म्हणजे वाटेत कुठेतरी वायर तुटली, पिवळा दिवा लावा. अख्ख्या इमारतीत ही एकच वायर अशी आहे की जी काम नसताना ‘मी आहे, मी आहे’ असं दर क्षणाला सांगत असते.

ज्यानं कालव्याचं पाणी पाहिलं आहे त्याला हे समजवायला इंजिनियर लागत नाही. कालव्याला पाणी सुटलं का, हे कधी हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्या माणसाला विचारायचं नसतं. हेडला पाणी असतंच. इसापूरच्या कालव्याला आवर्तन सुटलं तर टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या शेतकऱ्याला विचारावं, ‘पाटील, आलं का पाणी?’ तो ‘आलं’ म्हणाला की मधल्या सगळ्या चाऱ्या, दारं, फुटलेलं अस्तरीकरण आणि रात्री परस्पर लावलेले पाइप या सगळ्यांचा एकदम निकाल लागतो. म्हणून तर पाटबंधारे खात्यातही टेलपासून हेडकडे पाणी द्यायची पद्धत मान्य आहे, निदान बैठकीत तरी. शेवटच्या डिटेक्टरमधला रेझिस्टर हा टेलचा शेतकरी आहे. त्याची साक्ष म्हणजे सगळ्या कालव्याची साक्ष. लातूरकरांना टेलला असणं म्हणजे काय हे वेगळं सांगायची गरजच नाही. मांजरा धरण कोरडं पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला दहा वॅगन आणि पाच लाख लिटर. पाणी टेलला पोचलं की नाही हे त्या दिवसांत कुणी कागदावर तपासत नव्हतं, घागर घेऊन तपासत होतं.

आता पाप कुठे घडतं ते ऐका, आणि हे पाप करायला काही करावं लागत नाही हे त्याचं वैशिष्ट्य. पॅनेल खोक्यातून निघतं तेव्हा प्रत्येक झोनच्या टर्मिनलला एकेक रेझिस्टर बहुधा आधीच लावलेला असतो, म्हणजे दुकानात चालू करून बघताना पॅनेलनं विनाकारण बोंब मारू नये. बसवणाऱ्यानं तो तिथून सोडवायचा, शिडी घ्यायची, कॉरिडॉरच्या टोकाला जायचं, फॉल्स सिलिंगची फरशी उचलायची आणि शेवटच्या बेसमध्ये तो लावायचा. संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. शिडीवरच्या पोऱ्याची मान मोडलेली असते. उद्या उद्घाटन असतं आणि पालकमंत्री येणार असतात. पॅनेलमध्ये रेझिस्टर आहे तिथेच राहू दिला तर सगळे दिवे हिरवे. शिवाय खरी गंमत अशी की त्या दिवशी सगळं चालतंही. डिटेक्टरखाली उदबत्त्यांचा जुडगा धरला की हूटर कोकलतो, मालक मान डोलावतो, पेढा वाटला जातो. फक्त एवढंच झालेलं असतं की टेलच्या शेतकऱ्याला हेडच्या गेटवर खुर्ची टाकून बसवलंय आणि तिथून तो रोज सांगतोय, ‘पाणी आलं साहेब, झक्कास आलं.’ सहा महिन्यांनी उंदीर येतो. लातूर ही तुरीची आणि डाळमिलची बाजारपेठ, इथला उंदीर खाऊन-पिऊन सुखी, त्याला वायर पोटासाठी लागत नाही, दातासाठी लागते. तिसऱ्या डिटेक्टरपुढची वायर तो कुरतडतो. पुढचे पंधरा डिटेक्टर त्या क्षणी निव्वळ छताची शोभा होतात. पॅनेल हिरवंच.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे फांदी. आपल्या वायरमनचं सगळं शिक्षण घरगुती फिटिंगवर झालेलं असतं आणि घरगुती फिटिंगचा धर्म असा की जिथून जवळ पडेल तिथून टॅप मारा. बल्बला फरक पडत नाही, त्याला फेज आणि न्यूट्रल मिळाल्याशी कारण. म्हणून डॉक्टरांनी मागाहून एक एक्स-रे रूम वाढवली की वायरमन मधल्या बेसवरून एक फांदी काढतो आणि दोन डिटेक्टर तिकडे टांगतो. ही फांदी रेझिस्टरच्या वाटेवर नसते, त्यामुळे ती तुटली तरी मुख्य धारेला खबर लागत नाही. वायरमनला यात दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. आयुष्यभर त्यानं ज्या वायरी ओढल्या त्यांचं काम वीज पोचवणं हे होतं. वीज पोचवणं दुय्यम आणि स्वतःची खुशाली कळवणं मुख्य, अशी वायर त्याला कुणी समजावूनच दिली नाही. आता मोठ्या इमारतींत ‘ॲड्रेसेबल’ पॅनेलं येऊ लागली आहेत. तिथे प्रत्येक डिटेक्टरला रोल नंबर असतो, वायर पॅनेलमधून निघून फेरी मारून पॅनेललाच परत येते आणि पॅनेल सतत हजेरी घेत असतं. सत्तावीस? हजर. अठ्ठावीस? हजर. क्लासेसच्या गावात ही पद्धत रुजायला हरकत नव्हती. पण दोन डिटेक्टरांना एकच नंबर देऊन ठेवलेला असतो, म्हणजे इथेही प्रॉक्सी. फरक इतकाच की हे पॅनेल मास्तरांपेक्षा खमकं असतं, ते गडबड झाल्याचं लगेच सांगतं, आणि मग सांगतंय म्हणून त्याचा बझर बंद केला जातो.

कागदाची वाटही याच वायरवरून जाते. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ नावाचा कायदा आहे. नाव वाचेपर्यंतच धूर दुसऱ्या मजल्यावर पोचावा इतकं ते लांब आहे, पण कायदा मुळात शहाणा आहे. यंत्रणा बसवल्याचा दाखला एकदा, आणि ती चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, असा त्याचा दंडक. याच दुसऱ्या दाखल्याला बाजारात ‘बी फॉर्म’ म्हणतात. म्हणजे वर्षातून दोनदा कुणीतरी टेलला जाऊन ‘आलं का पाणी’ असं विचारावं, हाच कायद्याचा हेतू आहे. पण जानेवारीत हुरडा असतो आणि जुलैत पेरण्या, सगळेच घाईत. तपासणारा येतो, पॅनेलसमोर उभा राहतो, हिरवे दिवे मोजतो. तो खोटारडा असतो असं अजिबात नाही. त्यानं जे पाहिलं ते खरंच हिरवं होतं. हेडला बसून हेडचा दाखला दिला तर तो खोटा कसा म्हणायचा? हा कायदा आणखी कडक करा, दंड वाढवा, असं मध्येच कुणीतरी सुचवतं. दंड वाढला की फॉर्म जास्त वेळेवर भरले जातील यात शंका नाही. रेझिस्टर मात्र शिडी चढून जाणार नाही.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: आमच्याकडे धूर रोजचाच, त्यात हे यंत्र टिकायचं कसं? खरं आहे. इथली फोडणी मिरची जळल्याशिवाय पूर्ण होत नाही. नव्या शोरूमची पूजा धुपाशिवाय होत नाही आणि वास्तुशांतीला होम लागतो. पावसाळ्यात डेंग्यू आला की पालिकेचा माणूस फॉगिंग मशीन घेऊन गल्लीतून असा जातो की समोरचा ओळखीचा माणूसही आवाजावरून ओळखावा लागतो. गणपतीत गुलाल, डाळमिलमध्ये भुसा, जिनिंगमध्ये सरकीची उडती लव, आणि बाराही महिने काळ्या मातीची धूळ. त्या तिरक्या डोळ्याला धूळ, वाफ, डिओडरंटचा फवारा आणि आत घर करून बसलेला कोळी हे सगळे धुरासारखेच दिसतात. मग हूटर वाजतो, वॉचमन म्हणतो, ‘सायेब, सकाळपासून नुसतं वाजायलंय,’ आणि साहेब म्हणतात, ‘काढून ठेव तो डिटेक्टर.’ इथे लांडगा आला रे आला ही गोष्ट हमखास सांगतात, पण ती लागू पडत नाही. त्या पोरानं लांडगा नसताना थाप मारली होती. डिटेक्टरनं थाप मारलेली नसते. त्याला धूर दिसला, त्यानं धूर सांगितला. त्याला स्वयंपाकघरात उभं कुणी केलं हा खरा प्रश्न आहे. फोडणीच्या जागी धुराचा नव्हे, उष्णतेचा डिटेक्टर बसवायचा असतो, जो साधारण ५७ अंशांना किंवा पारा मिनिटाला आठेक अंशांनी चढू लागला तर बोलतो. पूजेच्या दिवशी तेवढा झोन तेवढ्या वेळापुरता ‘आयसोलेट’ करायची सोय पॅनेलवर असते. तो परत चालू करायची सोयही त्याच बटणावर असते, ही बाब मात्र गुरुजींना दक्षिणा देऊन झाल्यावर कुणाच्या ध्यानात राहत नाही.

हवेचा आक्षेप मी स्वतःच जोडतो, कारण तो आक्षेप घेणाऱ्यांना सुचत नाही आणि तोच जास्त खरा आहे. डिटेक्टर छताला लावतात तो धूर वर जातो या भरवशावर. मे महिन्यात दुपारी तीन वाजता लातूरच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये हा भरवसा टिकत नाही. पत्र्याखाली तापलेल्या हवेचा एक जाड थर साचलेला असतो. लहान आगीचा कोमट धूर वर चढत जातो आणि त्या थराखाली येऊन थबकतो, परगावच्या पाहुण्यानं भरलेल्या एसटीच्या दारात थबकावं तसा. वर जायला जागा नाही म्हणून तो आडवा पसरतो आणि दोन हात वर असलेला डिटेक्टर निवांत. तिकडे ५७ अंशांचा उष्णतेचा डिटेक्टर लावला तर तो आग नसतानाच पत्र्याच्या नावानं शंख करतो. तिथे वरच्या तापमानाचा घ्यावा लागतो, किंवा धुरासाठी थराखालून आडवा जाणारा प्रकाशाचा बीम. पंख्याच्या शेजारी, एसीच्या झोताखाली डिटेक्टर लावू नये हेही याच कारणानं. वारा धूर पळवून लावतो. पण छताला मध्यभागी हुक पंख्याचा आणि वायरही तिथपर्यंतच आलेली, म्हणून डिटेक्टर पंख्याला चिकटून. यात अज्ञान कमी आणि काटकसर जास्त.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे आणि म्हणून मला आवडतो. आमच्याकडे आग लागली की गल्ली धावून येते, हंडे-कळशा निघतात, तुमच्या त्या वाटीची गरज काय? शिवाय वॉचमन आहेच. धावून येण्याबद्दल वाद नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा माणसं कुठून कुठून धावून आली ते या भागानं पाहिलं आहे. पण धावायला आधी कळावं लागतं. आणि नाक हे झोपेत भरवशाचं इंद्रिय नाही. धुराच्या वासानं जाग येईल या समजुतीवर झोपू नये, धूर उलट गुंगी आणतो. म्हणूनच झोपण्याच्या जागी हूटरचा आवाज उशापाशी ७५ डेसिबल भरला पाहिजे असा दंडक आहे. वॉचमनलाही नाक एकच असतं आणि तेही खालच्या मजल्यावर. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. धूर आधी दिसला तो परिचारिकेला. सात बाळं बाहेर काढता आली, दहा गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले, आणि त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयाचा आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ ला २२ जण गेले ते क्लासमध्ये. आग खालून आली आणि मुलं वरच्या मजल्यावर होती. लातूरच्या आणि नांदेडच्या कुठल्याही क्लासच्या जिन्यासमोर उभं राहून हे वाक्य पुन्हा वाचावं. तो जिना, त्या जिन्यातल्या चपला, खिडकीचं ग्रिल आणि जिन्याखालचं मीटरचं कपाट.

खर्चाचा आक्षेप मी फार ताणत नाही. ज्या मंगल कार्यालयाच्या कमानीला एका लग्नापुरत्या थर्माकोलच्या दोन हत्तिणी झुलतात, त्याच्या मालकानं डिटेक्टर महाग आहेत म्हणू नये, हत्तिणी ऐकत असतात. विजेचा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: लाइटच नसते, मग पॅनेल कशावर चालणार? याची तजवीज पॅनेलमध्येच असते. आत १२ व्होल्टच्या दोन बंद बॅटऱ्या असतात आणि लाइट गेल्यावर पॅनेलनं एक दिवस तरी त्यांवर तग धरावा अशी त्यांची मोजणी करतात. गंमत अशी की इन्व्हर्टरची बॅटरी हा मराठवाड्यातल्या घरातला जवळपास कुटुंबातला घटक आहे. तिला वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर मिळतं, तिचा खालावलेला आवाज घरातली म्हातारीही ओळखते, ती कितव्या वर्षात आहे हे जावयाच्या वयासारखं सगळ्यांना पाठ असतं. पॅनेलमधल्या बॅटरीला पाणी लागत नाही. म्हणजे तिच्याकडे जायला निमित्तच नाही. तीन-चार वर्षांनी ती मरते, फुगते, पॅनेल ‘बॅटरी फॉल्ट’ म्हणून टुकटुक करतं, आणि टुकटुक ऐकून घरातल्या कर्त्या माणसाचा हात बॅटरीकडे न जाता बझरच्या बटणाकडे जातो.

पुन्हा पुन्हा तेच बटण येतंय हे माझ्याही लक्षात आलं आहे. त्या बटणावर ‘सायलेन्स’ असं लिहिलेलं असतं आणि साऱ्या पॅनेलवर गुळगुळीत झालेलं बटण तेवढं एकच. शांतता आपल्याला मनापासून आवडते, मग ती कुठून आली याची चौकशी करणं असभ्यपणाचं वाटतं. घरातला म्हातारा गप्प असला की ‘बरा आहे’, सूनबाई गप्प असली की ‘गुणी आहे’, गाव शांत असलं की ‘सगळं आलबेल’. त्या दीड रुपयाच्या रेझिस्टरला नेमकं हेच मान्य नाही. त्याचं म्हणणं, गप्प राहायला माझी हरकत नाही, पण मी जिवंतपणे गप्प आहे याचा पुरावा दर क्षणाला घ्या. असा माणूस कुठल्याही सासरी टिकणार नाही, पॅनेलच्या टर्मिनलला परत पाठवला जाणारच.

त्याची तपासणी करायला ना यंत्र लागतं ना परवाना. झोनचा अगदी शेवटचा डिटेक्टर शोधायचा. तो शोधताना पहिल्यांदा कळतं की शेवटचा कोणता हे इमारतीत कुणालाच माहीत नाही. नकाशा होता, तो एनओसीच्या फायलीला लावला, आणि फाइल ‘तिकडं’ आहे. तरी साधारण अंदाज करता येतो: पॅनेलपासून सर्वांत लांब, जिथे मागच्या वर्षीचं गणपतीचं मखर, तुटलेले बाक आणि न वाटलेल्या नोट्सचे गठ्ठे ठेवले आहेत ती खोली. त्या खोलीच्या छताचा डिटेक्टर डावीकडे फिरवून बेसमधून काढायचा आणि धावत जाऊन पॅनेल बघायचं. पिवळा दिवा लागला तर टेलचा शेतकरी जागेवर आहे, डिटेक्टर परत बसवावा आणि चहा प्यावा. पिवळा दिवा लागला नाही, पॅनेल हिरवंगार हसत राहिलं, तर पॅनेलचं झाकण उघडून टर्मिनलपाशी बघावं. पिवळा, जांभळा, लाल. बसलेला असेल तिथेच, हेडला. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. फक्त शिडी लागते, आणि शिडी शेजारच्या क्लासवाल्यांनी जुलैत बोर्ड लावायला नेली आहे.